सातबाऱ्यावर नसलेली माणसं

नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५-९६ मध्ये मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी यायला सप्टेंबर २०२२ उजाडलं. बीडला ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ला, मुक्तिसंग्रामदिनी. मधल्या काळात मी बीड जिल्ह्यात जमीन जाणाऱ्या कुटुंबांसोबत काम केलं. कागद समजावून सांगणं, हरकती लिहून देणं, असं काम. रेल्वे यावी असं तेव्हाही मनापासून वाटायचं. पुढच्या मार्गांवर जे हे काम करतील त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. ऊसतोडीच्या हंगामात मोजणी लावू नका.
दसरा-दिवाळीनंतर इथल्या वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायकोचा कोयता कोल्हापूर, सांगली, पार बेळगावपर्यंत जातो. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. २०१३च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. हंगाम चार-पाच महिने चालतो. चावडीवर नोटीस लागते, मुदत सरते, आणि जमिनीचा मालक तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत असतो. बोअर, पाइपलाइन, आंब्याची झाडं हे सगळं मोजणीच्या वेळीच दाखवून नोंदवून घ्यावं लागतं. घरी राहिलेल्या आजीला जमिनीखालचा पाइप कुठून गेलाय ते कसं सांगता येणार? मोजणी गुढीपाडव्यानंतर ठेवावी. तेवढं थांबणं शक्यच नसेल तर आधी मुकादमाला गाठावं. टोळीतल्या प्रत्येकाचा नंबर त्याच्याकडे असतो.

२. बटाईदारांची यादी पहिल्या फेरीतच करा.
जाणाऱ्या जमिनीवर आधीची तीन वर्षं ज्याचं पोट होतं, तो बटाईदार असो की शेतमजूर, कायद्यानं बाधितच धरला जातो. पण त्याच्याकडे चिठोरंही नसतं, आणि कूळ लागेल या धास्तीनं मालक लिहून द्यायला तयार नसतो. मावेजा वाटायला सुरुवात झाली की मग कुणी कुणाला ओळखत नाही. म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब आधीच, सगळे गोडीत असताना घ्यावेत. या कामात मला सगळ्यात जास्त अन्याय इथंच दिसला.

३. बहिणींना त्यांच्या सासरी जाऊन भेटा.
वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. एरवी कुणाला आठवत नाही. मावेजा आला की भाऊ हक्कसोडपत्र घेऊन येतो. सही दिली तर हिस्सा जातो, नाही दिली तर माहेर तुटतं. वाटणीचा वाद झाला तर रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होते आणि घरातल्या सगळ्यांचेच पैसे अडकतात, हे खरं. तरी रक्कम किती आणि तिचा वाटा किती, हे तिला सहीच्या आधी कळलंच पाहिजे. सही करायची की नाही, ते तिचं तिनं ठरवावं.

४. भराव पडण्याआधी पाणी पलीकडे न्या.
विहीर रुळाच्या अलीकडे, रान पलीकडे, असं कितीतरी ठिकाणी होतं. गेलेल्या गुंठ्यांचे पैसे मिळतात, पण तुटून राहिलेला तुकडा कोरडा पडतो. त्या नुकसानीचीही भरपाई कायद्यात आहे. मात्र ती निवाड्याआधीच मागून ठेवावी. आणि पैशांपेक्षा पाणी मोलाचं. भरावाखालून पाइप टाकायची जागा कामाच्या सुरुवातीलाच मागून घ्यावी. गाड्या सुरू झाल्यावर त्याच पाइपसाठी रेल्वेची परवानगी काढत बसावं लागतं, आणि तोवर एक-दोन पिकं हातची जातात.

५. भुयारी मार्गाची जागा पावसाळ्यात पाहा.
उन्हाळ्यात कुठलीही जागा सोयीची दिसते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचं पाणी कुठं तुंबतं ते बघावं, शाळेची आणि स्मशानाची वाट कुठून जाते ते विचारावं. सोबत गावातला एक ट्रॅक्टरवाला न्यावा. भरलेली उसाची ट्रॉली किती उंच जाते, हे त्याला तोंडपाठ असतं.