बोल गोड, अर्थ उलटा

सून उशिरा उठली, की सासू म्हणते, "लवकर उठलात हो सूनबाई!" ही शाबासकी नव्हे, हा टोमणा. यालाच उपरोध म्हणतात.

इंग्रजीतही उपरोध असतो. आपल्या खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५५ साली तिचे उद्घाटन झाले. तेव्हापासून इंग्रजी आपल्या कानावर पडते. "व्हेरी गुड" म्हणजे फार छान. पण समजा, कामावर हातून कपबशी फुटली आणि साहेब म्हणाले, "व्हेरी गुड!" तर? हसू नका. काय घडले ते पाहा. चेहरा पाहा. सूर ऐका. शब्द एकीकडे आणि सूर दुसरीकडे, असे दिसले की अर्थ उलटा घ्यावा. "सॉरी, साहेब" म्हणावे आणि काचा उचलाव्यात.

कागदावर मात्र सूर ऐकू येत नाही. मोबाइलवरच्या निरोपातही नाही. मुलाने पैसे धाडले नाहीत, म्हणून "फार पैसे धाडलेस रे!" असे लिहू नका. तो ते खरे तरी मानील, नाहीतर मनाला लावून घेईल. आम्ही म्हणतो, सरळ लिहावे, "पैसे आले नाहीत. तू बरा आहेस ना?"

आता सांगा पाहू : पाहुणे दोन तास उशिरा आले. यजमान म्हणाले, "व्हेरी अर्ली!" अर्ली म्हणजे लवकर. मग यजमानांच्या मनात काय आहे?