डिंक, गेरू आणि ऊन : गम प्रिंटची कृती

गम प्रिंटला चांदीचे क्षार लागत नाहीत, डार्करूमही लागत नाही. डिंक, रंग आणि डायक्रोमेट यांचं मिश्रण कागदावर लावायचं. ऊन लागेल तिथला डिंक घट्ट होऊन रंग धरून ठेवतो. बाकीचा पाण्यात सुटतो. इंग्लंडच्या जॉन पाउन्सीने १८५८मध्ये असे प्रिंट लोकांपुढे ठेवले, तर १८९०च्या दशकात पॅरिसच्या रॉबेर दमाशीने ही पद्धत गाजवली. एका थरात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सगळ्या छटा येत नाहीत, म्हणून जाड थराच्या मोहात न पडता पातळ थर एकावर एक चढवायचे.

आधी काळजी

पोटॅशियम डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे. वजन करताना मास्क, पूर्ण वेळ हातमोजे आणि चष्मा हवाच. स्वयंपाकघरातली भांडी वापरू नका. मुलांना लांब ठेवा.

साहित्य

- बाभळीचा डिंक ५० ग्रॅम. धावड्याचा पूर्ण विरघळत नाही आणि कतीरा नुसता फुगतो, दोन्ही नकोत.
- पोटॅशियम डायक्रोमेट १० ग्रॅम
- वस्त्रगाळ गेरू किंवा ट्यूबमधला जलरंग
- ३०० जीएसएमचा सुती जलरंग-कागद
- पारदर्शक शीटवर छापलेली, प्रिंटच्याच आकाराची निगेटिव्ह
- दोन रुंद मऊ ब्रश, काच, पाठीला पुठ्ठा, क्लिपा, प्लास्टिकचे ट्रे

कृती

१. डिंक मलमलीच्या पुरचुंडीत बांधून १०० मि.ली. पाण्यात दोन दिवस लटकवा. गाळून फ्रिजमध्ये ठेवा, पण खाण्याच्या वस्तूंपासून वेगळा आणि नाव लिहून.

२. कागद गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाळवा. तो आताच आकसला नाही, तर पुढच्या थराला निगेटिव्ह जुळणार नाही. मग जेसो (कॅनव्हासला लावतात तो पांढरा अस्तर-रंग) तितक्याच पाण्यात पातळ करून एक हात द्या, म्हणजे रंग कागदात मुरणार नाही.

३. डायक्रोमेट १०० मि.ली. पाण्यात विरघळवून गडद रंगाच्या बाटलीत भरा. बाटलीवर ठळक ‘विष’ लिहा.

४. ए५ आकाराच्या एका थरासाठी २ मि.ली. डिंकात हरभऱ्याएवढा रंग घोटा. गुठळी राहू देऊ नका. त्यात २ मि.ली. डायक्रोमेट मिसळा.

५. मंद पिवळ्या दिव्यात एका ब्रशने मिश्रण झरझर पसरा आणि दुसऱ्या कोरड्या ब्रशने आडवं-उभं फिरवून सारखं करा. अंधारात वाळवा. थर अंधारातही हळूहळू घट्ट होत जातो, म्हणून त्याच दिवशी वापरा. दमट हवेत हे लवकर होतं, त्यामुळे शिकायला पावसाळा टाळा.

६. निगेटिव्हची छापील बाजू थरावर टेकवा, तिच्या कडेला कागदावर पेन्सिलीने खुणा करा, वर काच ठेवून क्लिपा लावा. पहिल्यांदा चाचणीपट्टी करा: काचेवर दुसरा पुठ्ठा सरकवत दुपारच्या उन्हात १, २, ३ आणि ४ मिनिटांचे पट्टे पाडा.

७. कागद साध्या पाण्यात पालथा तरंगवा. पिवळेपणा उतरेल, मग रंग सुटू लागेल. पाणी दोन-तीनदा बदलून अर्धा ते एक तास थांबा. ओला थर नाजूक असतो, बोट लावू नका. उजेडाचे भाग मऊ ब्रशने हलकेच उघडता येतात.

८. वाळल्यावर, कडेच्या पेन्सिलखुणांना निगेटिव्ह जुळवून दुसरा थर द्या. गेरूवर काळा किंवा प्रशियन निळा चढवला की सावल्यांना वजन येतं.

९. शेवटी पिवळट झाक उरली, तर सरबत टिकवायला वापरतात त्या केएमएसच्या १ टक्का द्रावणात पाच मिनिटं बुडवून धुवा.

बिघडलं तर

- दहा मिनिटांत चित्रच वाहून गेलं : ऊन कमी पडलं.
- तासाभरानेही काही सुटेना : ऊन जास्त झालं किंवा थर शिळा होता.
- पांढऱ्या जागी डाग : रंग जास्त किंवा जेसो कमी.
- थर पापुद्रा होऊन सुटला : फार जाड लागला.

उरलेलं मिश्रण आणि पहिलं धुवण मोरीत किंवा मातीत ओतू नका. बंद डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या.

प्रत्येक कागदामागे रंग, प्रमाण, उन्हाची वेळ आणि मिनिटं पेन्सिलीने लिहा. तुमच्या गावच्या उन्हाचा तक्ता तुम्हालाच तयार करावा लागेल.