मालकीचा दावा आणि 'रेस ज्युडिकाटा'

प्रश्न : वडिलोपार्जित शेताचा फेरफार मंडळ अधिकाऱ्यांनी एकट्या भावाच्या नावे मंजूर केला. आता दिवाणी दावा लावला तर 'रेस ज्युडिकाटा' आड येईल, असे सांगतात. खरे का?
– एक वाचक, जाम (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : नाही, घाबरू नका. लॅटिनमधले 'रेस' हे नाम फार ऐसपैस आहे. वस्तू, मालमत्ता, व्यवहार, तंटा, सारे त्यात बसते. 'रेस पुब्लिका' म्हणजे सार्वजनिक बाब. 'रिपब्लिक' त्यातूनच आले. 'रेस ज्युडिकाटा' म्हणजे निकाली निघालेला वाद. असा वाद पुन्हा चालवता येत नाही. आपल्या मिताक्षरेत हाच बचाव 'प्राङ्न्याय' या नावाने येतो. हे तत्त्व सांगणारे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चे कलम 11 लागू व्हायला पक्षकार तेच, मुद्दा तोच आणि सक्षम न्यायालयाने सुनावणी करून दिलेला अंतिम निकाल लागतो. फेरफार ही महसुली नोंद. तिने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणजे मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात खुला आहे. मुदतीचा कायदा मात्र कुणासाठी थांबत नाही. सातबारा, फेरफाराची नक्कल आणि असतील ती जुनी वाटणीपत्रे घेऊन लवकर वकिलांना भेटा.