जागे होताच जुळवून घेणे

एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स प्रणालीवर चालणारे चाळीस संगणक आहेत, असे समजू. प्रणालीतील एखादी उणीव दूर करणारी दुरुस्ती मध्यवर्ती संगणकावरून रात्री सर्वांना धाडली, तर त्या वेळी बंद असलेल्या संगणकांपर्यंत ती पोहोचतच नाही. सकाळी ते जुन्याच उणिवेसह सुरू होतात. आणि असा मागे राहिलेला एक संगणकही घुसखोराला पुरेसा असतो. म्हणून प्रत्येक संगणकाने सुरू होताक्षणी दुरुस्ती स्वतः मागून घ्यावी, हा मार्ग अधिक भरवशाचा होय.

येथे क्रियांच्या क्रमाला महत्त्व आहे. प्रथम कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्मृतीत येतो. तो क्रमांक १ची प्रक्रिया सुरू करतो आणि ती इतर सेवांना जागे करते. जुळवणीची सेवा जाळ्याशी जोडणी झाल्यानंतर, परंतु वापरकर्त्याला प्रवेश मिळण्यापूर्वी चालावयास हवी. तिच्याही आधी घड्याळ बरोबर करून घ्यावे. ज्याचे घड्याळ काही वर्षे मागे पडले आहे, असा संगणक मध्यवर्ती संगणकाचे खरे प्रमाणपत्रही मुदतीबाहेरचे मानून नाकारू शकतो.

परंतु रोज सकाळी सर्व फाईली नव्याने आणावयाच्या, तर जाळ्यावर केवढा भार पडेल! या अडचणीवर ऑस्ट्रेलियातील अँड्रयू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली ‘आरसिंक’ या आज्ञावलीच्या रूपाने उपाय दिला. आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाईली ती सहसा वगळते. उरलेल्या फाईलींबाबत घेणारा संगणक आपल्याजवळच्या जुन्या प्रतीचे समान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याची गणिताने काढलेली छोटी खूण देणाऱ्याकडे पाठवतो, आणि देणारा नव्या प्रतीत त्या खुणा शोधतो. जे तुकडे सापडतात त्यांचा केवळ निर्देश येतो. प्रत्यक्ष मजकूर येतो तो न सापडलेल्या भागाचा. शिवाय नवी प्रत सामान्यतः तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहून झाल्यावरच जुन्या प्रतीची जागा घेते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी ती फाईल अर्धवट अवस्थेत हाती येत नाही.

तथापि काही पथ्ये पाळली पाहिजेत. मध्यवर्ती संगणक बंद असेल, तर ठरावीक काळ वाट पाहून जुन्या प्रतीवर काम सुरू व्हावे. अन्यथा एकाच्या बिघाडाने चाळीसही खोळंबतील. सर्व संगणक एकाच वेळी सुरू होत असतील, तर प्रत्येकाने काही क्षणांचे अनियमित अंतर ठेवावे. संगणकाचे नाव आणि त्याची ओळख पटविणाऱ्या गुप्त किल्ल्या या वस्तू जुळवणीतून वगळाव्यात. त्या सर्वत्र सारख्या झाल्या, तर कोण कोणता हेच कळेनासे होईल.

शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. जी व्यवस्था दुरुस्ती सर्वत्र पोहोचविते, तीच व्यवस्था चूकही तितक्याच तत्परतेने पोहोचविते. मूळ प्रतीतून एखादी आवश्यक फाईल नजरचुकीने गेली आणि ‘जे मुळात नाही ते पुसावे’ अशी आज्ञा दिलेली असली, तर ती फाईल चाळीस ठिकाणांहून नाहीशी होईल. यास्तव प्रत्येक बदल प्रथम एका संगणकावर पारखून मगच मूळ प्रतीत घ्यावा, आणि आदली प्रत जपून ठेवावी. सर्व संगणक सारखे असणे तेव्हाच हिताचे, जेव्हा ज्याच्यासारखे व्हावयाचे ते मूळ निर्दोष असते.