उशाशी ठेवलेला निलगिरीचा रुमाल

प्रश्न : दीड वर्षाच्या नातवाचं नाक चोंदलं की मी रुमालावर निलगिरी तेलाचे चार थेंब टाकून तो त्याच्या उशाशी ठेवते. माझी तिन्ही मुलं अशीच वाढली. सूनबाई आता नको म्हणते. झाडपाल्याचंच तेल ना, ते काय बाधणार? — एक आजी, चिपळूण

उत्तर : आजी, या वेळी सूनबाईंचं ऐका. तेल पाल्याचंच, पण किलोभर ताज्या पानांतून वाफेवर जेमतेम दोन-चार चमचे निघतं. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या या झाडाला आपण नाव दिलं ते निलगिरीच्या डोंगरांचं. उटीला ते १८४३च्या सुमारास आलं. औषधी तेलात साधारण ७० टक्के किंवा जास्त सिनिओल असतं. तो घमघमाट त्याचाच.

नाक चोंदतं ते मुख्यतः आतलं अस्तर सुजल्यामुळे. सिनिओल नाकातल्या गारवा जाणवणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, म्हणून वाट मोकळी झाल्यासारखी वाटते. मोजून पाहिलं तर आत जाणारी हवा तेवढीच असते. मोठ्या माणसाला रात्री झोप लागायला तेवढं बरं वाटणंही पुरतं, आणि त्यात गैर काही नाही. तान्ह्या किंवा रांगत्या मुलाच्या नाकाशी मात्र हाच उग्र वास गेला, तर घशात आकडी येऊन श्वास अडकू शकतो. तुमच्या मुलांना काही झालं नाही. बहुतेकांना होतही नाही. पण कुणाला होईल हे आधी कळत नाही. म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला हे तेल मुळीच नको आणि दहा वर्षांपर्यंत नाकातोंडाजवळ नको. कापराची पुरचुंडीही त्यातच आली. फिट येणाऱ्या मोठ्या माणसांनीही ही दोन्ही टाळावीत. निलगिरी आणि कापराच्या वासाने किंवा मलमाने झटके आल्याच्या नोंदी बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. दमेकऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

नातवासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणा. पाजण्याआधी आणि झोपण्याआधी घातले की बाळ नीट पितं. छाती उडू लागली किंवा ते प्यायचंच थांबलं, तर थेट डॉक्टरांकडे जा.

तुमची स्वतःची पाठ धरली असेल तर तेल जरूर वापरा, पण दोन चमचे खोबरेलात चारच थेंब. वाफारा नुसत्या पाण्याचा घ्या. लहानपणी आमच्या घरी चादरीखालचं उकळतं पातेलं मावसभावाच्या मांडीवर कलंडलं होतं. ते व्रण अजून आहेत. तेव्हापासून मी पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवू देत नाही.

मला खरी धास्ती आहे ती बाटलीची. माझ्यासमोर आत्ता एक आहे : खोकल्याच्या औषधासारखीच तपकिरी, बूच बोटाच्या एका फिरकीत निघणारं, आणि ‘फक्त बाह्य उपयोगासाठी’ ही ओळ चष्म्याशिवाय वाचता येत नाही. यातलं चमचाभर तेल पोटात गेलं तरी लहान मूल अर्ध्या तासात गुंगू शकतं, झटके येऊ शकतात. तसं झालंच तर उलटी करवू नका, दूध-मीठपाणी पाजू नका. बाळाला आणि बाटलीला घेऊन तडक दवाखाना गाठा. आणि आज हे वाचून झालं की ती बाटली उशाजवळच्या फळीवरून काढून कुलपाच्या कपाटात ठेवा.