निळा देवमासा आणि देवमुशी : एक तुलनात्मक अभ्यास

मूर्तिजापूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने सहाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आपल्या वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना देवमासा भेटतो तो पाठ्यपुस्तकात. आणि ‘देवमासा हा मासा आहे काय?’ या प्रश्नाला अनेकजण नाव पाहूनच उत्तर देतात. निळा देवमासा आणि देवमुशी, म्हणजेच व्हेल शार्क, यांची तुलना केली असता हा गोंधळ दूर होतो.

निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत, म्हणजे तीन एस.टी. गाड्यांइतका लांब वाढतो. तो पृथ्वीवरील सर्वांत मोठा प्राणी होय. देवमुशी सुमारे १८ मीटरपर्यंत वाढते. ती सर्वांत मोठा मासा होय. दोघेही अरबी समुद्रात आढळतात आणि पाणी गाळून त्यातील सूक्ष्म जीवांवर जगतात. साम्य येथेच संपते.

देवमाशाचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चालणारे चतुष्पाद सस्तन प्राणी होते. म्हणून तो उष्णरक्ती आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो आणि त्याचे आडवे शेपूट वर-खाली हलते. देवमुशी कल्ल्यांनी श्वसन करते, तिचा सांगाडा कास्थींचा असतो आणि उभे शेपूट डावी-उजवीकडे हलते. तिची अंडी पोटातच उबतात. पिले जन्मतःच स्वतंत्र असतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर जन्मभर पाण्यात राहणारा देवमासा पाण्यातच गुदमरतो. देवमुशी मात्र पाण्याबाहेर काढली की मरते. किनाऱ्यावर लागलेला देवमासा हवेत श्वास घेऊ शकतो. परंतु स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसे दबतात व अंग तापते. जून २०१५ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुमारे ४२ फुटी निळा देवमासा लागला. ग्रामस्थ व वनकर्मचाऱ्यांनी शर्थ केली, तरी तो वाचला नाही. अशा वेळी त्याचे अंग ओले ठेवावे, पण डोक्यावरील नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नये. देवमुशीसाठी जाळे पाण्यातच कापावे लागते.

देवमुशीला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जाळे कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन नुकसानभरपाई देते. नावावरून नव्हे, तर शरीररचनेवरून जीव ओळखणे हे विज्ञान. आणि त्या ओळखीतूनच त्याला वाचविण्याचा मार्ग सापडतो.