पहिला पगार, कर्जाचा हप्ता आणि रोजचे १२० किलोमीटर

सातारा-सांगलीकडे मुलाला नोकरी लागली की घरात, भावकीत, पारावर एकच प्रश्न विचारला जातो: "पॅकेज किती?" हा प्रश्न अपुरा आहे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेल्या घराने तर पुढचा प्रश्न लगेच विचारायला हवा: जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च वजा जाता हप्त्यासाठी हातात किती उरतात?

आकडे मांडून बघू. साताऱ्यातला एक मुलगा शिरवळच्या कारखान्यात लागला आणि त्याच्या हातात २१ हजार येतात असं समजा. त्याचा वर्गमित्र पुण्यात लागला, त्याला २७ हजार मिळतात. गाव म्हणणार, पुण्यातल्याचं भलं झालं. पण पुण्यातल्याचे कॉट बेसिसवर साडेपाच हजार गेले, मेसचे चार हजार, शहरातल्या फिरण्याचे दीड हजार आणि महिन्यातून दोनदा घरी येण्याचे हजारभर. म्हणजे १२ हजार गेले, १५ उरले. शिरवळवाला घरी राहतो, घरी जेवतो, पण रोज मोटारसायकलने जातो. सातारा ते शिरवळ अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणजे जाऊनयेऊन १२०. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३,००० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देत असेल आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तरी ६ हजार रुपये टाकीत जातात. त्याच्याकडेही १५ हजारच उरले. दोघांच्या पगारातला ६ हजारांचा फरक दोन वेगळ्या खिशांतून निघून गेला. शिवाय महिन्याला ३,००० किलोमीटर पळणाऱ्या गाडीचं सर्व्हिसिंग, चेनसेट आणि टायर यांचा खर्च मी धरलेलाच नाही.

आता हप्ता बघा. ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षांची मुदत असेल तर हप्ता साधारण ६,६४० रुपये बसतो. म्हणजे शिरवळवाल्या मुलाचा पेट्रोलचा खर्च जवळजवळ कर्जाच्या हप्त्याएवढाच आहे. दर महिन्याला तो दोन हप्ते भरतोय, एक बँकेला आणि एक पंपावर.

म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा: कंपनीची बस आहे का, कुठून सुटते, पगारातून किती कापतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीलाही आहे का? पहाटे साताऱ्याच्या वाढे फाट्यावर डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहणारी पोरं महिन्याला चार-पाच हजार वाचवत असतात, आणि जाताना तासभर झोपतही असतात. रात्रपाळी संपवून मोटारसायकलवर खंबाटकीचा घाट चढणाऱ्याला ती झोप मिळत नाही. त्याची काळजी पैशाच्या आधी करा, कारण कर्ज फेडणारा एकच माणूस आहे आणि तो त्या गाडीवर आहे. कंपनीची बस नसेल तर एसटीचा पास काढा. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो, त्रैमासिकात ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. मुलींना मार्च २०२३पासून एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, त्यामुळे त्यांनी पास आणि सवलतीचं तिकीट यांची तुलना करूनच ठरवावं.

सांगलीकडचं गणित थोडं वेगळं आहे. कुपवाडची एमआयडीसी शहराला लागून आहे, मिरज हाकेच्या अंतरावर आहे आणि किर्लोस्करवाडीला रेल्वेने जाता येतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा कामगारांची घरंही कारखान्याशेजारीच वसवली. तो कारखानाही राजेसाहेबांकडून घेतलेल्या कर्जाच्या आधाराने उभा राहिला. कर्ज काढणं लाजिरवाणं नाही, हे या भागाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. ते कशातून फिटणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे, एवढंच. घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर १७-१८ हजारांची नोकरी मिळत असेल, तर कर्ज असलेल्या मुलाने ती 'लहान' म्हणून सोडू नये. हिशेब मांडला की ती कित्येकदा पुण्याच्या २५ हजारांना भारी पडते.

याचा अर्थ पुण्याला जाऊच नका असा नाही. जिथे काम शिकायला मिळतं, वरिष्ठ शिकवतात, दोन वर्षांनी पगार दीडपट होण्याची खरी शक्यता असते, तिथे दोन वर्षं कमी उरले तरी जावं. पण एकाच मशीनवर तेच बटण दाबायचं ट्रेनीचं काम असेल, तर त्यासाठी गाव सोडण्यात मला काही राम दिसत नाही. आईवडिलांनी 'कंपनी कुठली' याच्या जोडीला 'काम नेमकं काय' हेही विचारावं.

आता बँकेच्या घड्याळाकडे वळू. बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्त्यांना सवड असते. अनेक घरांत हे वर्ष म्हणजे सुट्टी समजली जाते. व्याज मात्र सुट्टीवर जात नाही. ४ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला ४० हजार व्याज होतं आणि सवड संपली की ते मुद्दलात मिळतं. म्हणून पहिल्या पगारापासून, हप्ता सुरू व्हायची वाट न बघता, निदान महिन्याचं व्याज भरा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर या सवडीच्या काळातलं व्याज केंद्राच्या अनुदान योजनेतून मिळालं आहे का, हे शाखेत जाऊन विचारा. करसवलतीसाठी कर्ज लवकर फेडू नका, असा सल्ला देणारे भेटतील. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. २०२५-२६पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पहिल्या नोकरीतल्या मुलाला वाचवायला करच नाही, तर त्या सल्ल्याचा उपयोग काय?

खरी अडचण अशी की घरात कर्ज सहसा एकटं नसतं. मुलाच्या नावावर बँकेचं शैक्षणिक कर्ज असतं. वडिलांच्या नावावर विकास सोसायटीचं पीककर्ज असतं. आईचे दागिने सोनेतारण असतात, पतसंस्थेतून उचललेलं असतं, चुलते जामीनदार असतात. आणि एक कर्ज असं असतं की ज्याबद्दल मुलासमोर बोललंच जात नाही. ॲडमिशनच्या वेळी घाईत कुणाकडून तरी 'शेकडा पाच'ने काढलेले ५० हजार. एका रविवारी सगळ्यांनी बसून, मुलीलाही बसवून, एका कागदावर हे सगळं लिहा. कुणाचे, किती, कितीने, किती बाकी, तारण काय आणि जामीन कोण. आईवडील हे लपवतात ते मुलांना ताण नको म्हणून, हे मला कळतं. पण हप्ते ज्याने भरायचे त्यालाच खरा आकडा माहीत नसेल तर तो हौसेने नवी गाडी बुक करून येतो, आणि मग त्याला बोलून उपयोग नसतो.

कागद समोर आला की क्रम लावा. इथे बहुतेक घरांची गल्लत होते. बँक पत्र पाठवते, फोन करते, म्हणून बँकेची भीती वाटते आणि पहिले पैसे तिथे जातात. पतसंस्थेला जामीनदाराच्या तोंडासाठी दिले जातात. सावकार गप्प असतो, कारण त्याला मुद्दल परत नकोच असतं. शेकडा पाच म्हणजे महिन्याला ५ टक्के, वर्षाला ६०. ५० हजारांवर महिन्याला अडीच हजार, दोन वर्षांत ६० हजार भरून झाले तरी ५० हजार तसेच उभे. सगळ्यात महाग कर्ज नेहमी सगळ्यात शांत असतं. बँकेचा ठरलेला हप्ता चुकवायचा नाहीच, पण त्यापलीकडे हाताला लागणारा प्रत्येक जादा रुपया आधी इथे जायला हवा. घरात मोकळं सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवून सावकाराचं एकरकमी मिटवा, यात कमीपणा नाही. ६० टक्क्यांचं कर्ज १० टक्क्यांवर आलं तर ५० हजारांमागे वर्षाला २५ हजार वाचतात. ऊसबिल आलं की त्याचाही पहिला वाटा इथेच द्यावा.

आणि कायदा माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१४चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा पाच घेणारा बेकायदेशीर आहे. कोरे चेक, सह्या केलेला स्टॅम्प, 'विश्वासाने' करून घेतलेलं जमिनीचं खरेदीखत, यांची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. सावकारीत गेलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

तरुणांच्या बाबतीत सावकाराची जागा आता मोबाइलमधल्या ॲपने घेतली आहे. महिनाअखेरीला पेट्रोलला कमी पडले, उचलले ५ हजार, पुढच्या पगारात फेडू. पुढच्या पगारात हप्ता गेल्यावर ते जमत नाही आणि दुसरं ॲप उघडलं जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जाचा पैसा थेट तुमच्या खात्यात आला पाहिजे, एकूण वार्षिक खर्च आधी लेखी सांगितला पाहिजे आणि ॲपला तुमच्या फोनमधले संपर्क वाचता येत नाहीत. वसुलीचे फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना फोन करून बदनामीची धमकी आली तर घाबरून आणखी भरू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलिसांत तक्रार करा, आणि घरी सांगा. मुलाने असं काही सांगितलं तर आईवडिलांनी त्या दिवशी तरी ओरडू नये. आधी सुटका करावी, बोलणं नंतर.

पगारातून गावचं कर्ज फेडणं सातारा-सांगलीला नवं नाही. मुंबईच्या गिरणगावात राबलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं. एका गाळ्यात पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि मनीऑर्डर गावी पाठवायची. खोलीवरचा खर्च कमी करून त्यांनी शेती सोडवली, बहिणींची लग्नं केली. पण १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि ज्यांच्याकडे गाठीला काही नव्हतं ते पुन्हा कर्जात गेले. आजच्या कंत्राटी आणि ट्रेनीच्या नोकऱ्यांत तो धोका कमी झालेला नाही, वाढलाच आहे. म्हणून तीन हप्त्यांएवढी रक्कम वेगळ्या खात्यात साठेपर्यंत जादा कर्जफेडही थांबवली तरी चालेल. अपवाद फक्त सावकाराच्या आणि ॲपच्या कर्जाचा.

नोकरी गेलीच तर हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी हप्त्यांना मुदत देण्याची आणि सुरुवातीला कमी, पुढे वाढत जाणारे हप्ते बांधून देण्याची सोय आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादित होतं, आणि वडील सहकर्जदार असल्याने त्यांचंही सिबिल खराब होतं. पुढच्या वर्षी त्यांना कुठलंही कर्ज घ्यायचं झालं तरी तो डाग आडवा येतो.

जे अजून शिकत आहेत त्यांनी कर्जाचा आकडाच लहान ठेवावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' रुजवलं ते याच पोटतिडकीने, आणि त्यांनी स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरून पगार कमावलेला होता. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. कर्जाचा अर्ज भरण्याआधी ही चौकशी करा.

पहिली पगारवाढ मिळाली की महिन्याला फक्त १ हजार रुपये हप्त्यापेक्षा जास्त भरा. वरच्या उदाहरणातलं ७ वर्षांचं कर्ज त्याने १५ महिने आधी संपतं आणि सुमारे ३० हजार व्याज वाचतं. तरत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही. जादा रक्कम भरताना 'मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा' असं लेखी सांगा, नाहीतर ती पुढच्या हप्त्यापोटी धरली जाऊ शकते.

शेवटचा हप्ता भरून थांबू नका. निल दाखला घ्या. जमीन किंवा घर तारण असेल तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. १ डिसेंबर २०२३पासून बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाईचा नियम आहे. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि बोजा उतरल्याचा फेरफार झाल्याची खात्री करा. दोनेक महिन्यांनी वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवाल काढून मुलाच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही नावापुढे ते कर्ज 'बंद' दिसतंय ना, तेही पाहून घ्या.